पाच जणांत कापलेलं पुस्तक

लाइट असली की प्रोग्रॅम, लाइट गेली की गप्पा, असा आमचा कॉम्प्युटर क्लास. आणि अष्टमी गावात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे प्रोग्रॅम झाले थोडे आणि किस्से जमले ढीगभर! मी फारसं बोलत नाही, कोपऱ्यात बसून ऐकते. म्हणून बहुतेक किस्से माझ्याकडेच साठलेत.

आमचा क्लास पिठाच्या गिरणीच्या वर भरतो. दोन कॉम्प्युटर, त्यांना मोकल सरांच्या आईने शिवलेली फुलाफुलांची झबली. चपला जिन्याखाली काढायच्या, कारण पीठ वर आलेलं चालत नाही. मी रोह्याहून पूल ओलांडून चालत येते. क्लास लावताना बाबांनी एकच सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत काय शिकलीस ते मला दाखव. नाय जमलं, तर समोरच्या बाईंकडं शिवणक्लास."

मला सुईत दोरा ओवतानाच रडू येतं. पण बाबांना हे तोंडावर सांगायचं म्हणजे माझी जीभ टाळूला चिकटते.

*

सरांनी मुंबईहून 'बेसिक' ही कॉम्प्युटरची भाषा शिकवणारं एक जाडजूड पुस्तक आणलं. पुस्तक एक, आम्ही पाच जण! रोज ओढाओढी. शेवटी सर ते घेऊन पेणला बाइंडरकडे गेले आणि म्हणाले, "याचे पाच तुकडे करा."

बाइंडरने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "सर, नवं कोरं आहे की! भावाभावांत वाटण्या झाल्या काय?"

पाच भाग झाले, प्रत्येकाला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं. पहिला दिलीपला, दुसरा रेखाला, तिसरा मला, चौथा नितीनला, पाचवा सुलभाला. आपला भाग पाठ झाला की अदलाबदल करायची, असं ठरलं. पण पाठ कुणाचाच होईना! शेवटच्या भागात सूची होती, म्हणून सुलभाचा भाव भलताच वाढला. काहीही शोधायचं तर तिला विचारा. ती आधी वेणी मागे टाकायची, मग सांगायची, "तुझं ते नितीनकडे आहे. त्याला माझं नाव सांग!"

*

दिलीप फार प्रामाणिक. पुस्तकात जसं आहे तसंच टाइप करतो. एकदा त्याचा प्रोग्रॅम काही केल्या चालेना. पडद्यावर सारखी चूक, चूक, चूक. सरांनी वाकून पाहिलं. मधे पान उलटल्यावर आलेला पानाचा नंबरही त्याने टाइप केला होता, आणि पानाच्या डोक्यावरचं धड्याचं नावसुद्धा!

"अरे, हे कशाला?"

"सर, छापलंय ना! मी माझ्या मनाचं काय घालू?"

सुलभा म्हणाली, "नशीब, कोपऱ्यात मेलेली मुंगी होती ती नाय टाइप केलीस!"

दिलीप गंभीरपणे म्हणाला, "ती सापडली नाय कीबोर्डवर."

*

पुस्तकातली उदाहरणं सगळी परदेशातली. किती इंच बर्फ पडला, ते मोजा म्हणे! सर म्हणाले, "बर्फ सोडा. आपलं काहीतरी घ्या."

रेखा पेणची. तिच्या काकांचा गणपतीचा कारखाना आहे. तिने तयार मूर्तींतून मागणी वजा करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि काकांना मुद्दाम बघायला आणलं. काका हाताचा रंग पुसत जिना चढले. रेखाने बटण दाबलं. पडद्यावर आलं : शिल्लक गणपती, उणे तीन.

काकांनी आधी पडद्याला हात जोडले. मग हळूच विचारलं, "रेखा, उणे गणपती ठेवायचा कुठं गो?"

सर समजावायला लागले, "म्हणजे अजून तीन बनवायचे आहेत."

"ते मला ठाऊक हाय," काका म्हणाले. "पण देवाला उणं म्हणायचं नाय. त्या कॉम्प्युटरला सांगा, नीट बोल."

रेखाने त्या दिवशी 'उणे'च्या जागी 'लवकरच येत आहेत' असं छापायला लावलं. काका खूश!

*

नितीन कोलाडचा. हायवेवर त्याच्या वडिलांचं हॉटेल आहे. नितीन गल्ल्यावर बसून चौथा भाग वाचतो. एकदा तो पाणी आणायला आत गेला, तेवढ्यात गोव्याला निघालेल्या एका गिऱ्हाइकाने ब्राऊन कव्हर बघून मेन्यूकार्ड समजून तो भाग उचलला. नितीन परत आला तर ते साहेब पान उलटत विचारतायत, "यात व्हेज कुठलं?"

तेव्हापासून चौथ्या भागाला मिसळीचा वास येतो. दिलीप म्हणतो, त्या भागातले प्रोग्रॅम भुकेल्या पोटी करू नयेत.

*

आणि मग दिवाळी जवळ आली. बाबा पहिली शिफ्ट संपवून, डब्याची पिशवी हातात घेऊन थेट क्लासमध्ये हजर! नितीन त्या दिवशी आला नव्हता. मी मनातल्या मनात लाइट जायची वाट पाहत होते. इतके दिवस रोज जाणारी लाइट नेमकी तेव्हा गेली नाही!

"हं, दाखव," बाबा म्हणाले.

मी सतराच्या पाढ्याचा प्रोग्रॅम तयार करून ठेवला होता. तो सोडून माझ्या बोटांनी भलतंच टाइप केलं. इंग्रजी अक्षरांत, मराठीत : 'बाबा मला शिवण नको.' बाबा इंग्रजी अक्षरं हळू वाचतात. एकदाच आलं तर सुटेल, म्हणून खाली लिहिलं, परत पहिल्या ओळीवर जा. हे माझ्या तिसऱ्या भागात आहे. पाचेक वेळा झालं की थांबायचं कसं, ते चौथ्या भागात. चौथा भाग कोलाडला!

मी बटण दाबलं.

बाबा मला शिवण नको. बाबा मला शिवण नको. बाबा मला शिवण नको. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. रेखाने तोंडात ओढणी कोंबली. दिलीपने डोळे मिटले. सरांचा हात थांबवायच्या बटणाकडे गेला, आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघून तसाच मागे आला.

बाबा एकेक अक्षर ओठांनी जुळवत वाचत राहिले.

"थांबव आता," ते म्हणाले.

"थांबवायचं मला अजून शिकवलं नाय, बाबा." माझा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मलासुद्धा!

बाबांनी पिशवी उचलली. जिना उतरले, चपला घातल्या आणि खालूनच ओरडले, "सर, शिवणवाल्या बाईंना मी नाय म्हणून कळवतो! पोरीचं अजून थांबलेलं नाय!"