उद्या कोणाच्या वावरात?

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या कॉलेजात फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेघा काढत होते. वहिनींना बोलवेना. "शालू, तुहे भाऊ गेले वं..." एवढंच म्हणाल्या. मुलं माना खाली घालून त्या रेघा उतरवून घेत होती, आणि मला मात्र सगळं धुक्यातलं, मऊ, लांबलांब दिसू लागलं.

महिना होत आला, ते धुकं अजून पुरतं विरलेलं नाही. त्यात माझे थोरले भाऊ दिसतात ते दिवस कलताना, बांधावर बसलेले. आमचं गाव बाळापूरच्या बाजूला, वावर रस्त्याला लागून. हिवाळ्यात त्यात सांबार असायचा... म्हणजे तुमच्या पुण्याकडची कोथिंबीर. त्या हिरव्या वासात मजूर बाया घरी परतत आणि भाऊ एकेकीला विचारत, "उद्या कोणाच्या वावरात वं, माय?" लोकांना वाटे, माणूस भलताच चौकस. पण बऱ्याच जणी 'सांबार उपटाले' म्हणाल्या की भाऊ आपला सांबार आणखी दोन दिवस उभा ठेवत. परवा अकोल्याच्या बाजारात ढीग लागणार आणि भाव पडणार, हे त्यांना आजच कळलेलं असे. मी पुस्तकातून शिकवते ते हा माणूस बांधावर बसून करी, आणि मला त्याचं कौतुक करायचं कधी सुचलं नाही. शहाणी ना मी!

नोकरी लागल्यापासून मी वावरात पाऊल टाकलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मात्र गेले. विहिरीची मोटर जळली होती. सांबार विकून नवी बसवायची, नाहीतर गहू वाळणार, असं घरात चाललं होतं. मी ऐटीत मोबाईल काढला. अकोल्याचा भाव चांगलाच चढलेला. म्हटलं, "भाऊ, उद्याच उपटा. भाव चढला की माल न्यायचाच असतो." भाऊ नुकतेच बांधावरून आले होते. माझ्याकडे बघून हसले. "बरं, तू म्हणतं त उपटू."

उपटायला एकही बाई मिळाली नाही. घरच्या तिघांनीच कंबर मोडेस्तोवर उपटला, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला पोचलो तर जिकडे पाहावं तिकडे सांबारच सांबार. मोबाईल काय एकट्या माझ्याकडे होता! त्यावरचा भाव परवाचा, आणि तो बघून अख्खा तालुका आज आलेला. बोली लागेना. दुपारपर्यंत वाट पाहून भाऊंनी जुड्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटून टाकल्या. मला रडू फुटलं. "काहून रडून राहिली वं? सांबारच त आहे," म्हणत त्यांनी मला चहा पाजला.

मोटर आली नाही. गहू वाळला. ते माझ्या जिवाला फार लागलं. पुढे भाऊ अमरावतीला आले की मी त्यांची तब्येत विचारी, वावराचं नाव काढत नसे. मनातून माझ्यावर नाराज असतील, ही बोच काही जाईना. विचारायचा धीर झाला नाही, आणि आता तर...

गेल्या रविवारी वहिनी मला हाताला धरून वावरात घेऊन गेल्या. विहिरीमागे सांबाराचा एकच वाफा होता, फुलावर आलेला. पांढरी बारीक फुलं उन्हात हलत होती.

"हा उपटला नाही?"

"तुह्यासाठी होता. तवापासून दरसाल टाकत. बाजारात नेऊ देत नव्हते."

मग मी विचारलंच, "वहिनी, भाऊ नाराज होते का माझ्यावर?"

"नाराज? त्यायले मालूम होतं न, बाजार पडनार. बायायनं आदल्या दिवशीच सांगतलं होतं."

"मग तेव्हा उपटला काहून?"

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "म्हणे, शालू इतक्या वर्षांनी वावराचं बोलली. नाई म्हटलं त पुन्हा येनार नाई."

मी वाफ्याच्या कडेला खाली बसले. तीन हिवाळे त्यांनी तो वाफा टाकला होता, आणि मी एकदाही आले नव्हते.