टाकीतला चतुर्थीचा चंद्र

"तुम्ही घरी कधी असता?"

हा मयूर गायकरचा पहिला प्रश्न. टाकी केवढी, खर्च किती करणार, हे सगळं नंतर. मी नौपाड्यात वकिली करते. उलटतपासणी घ्यायची सवय, द्यायची नाही. परक्या माणसाने फोनवर असं काही विचारलेलं मला अजिबात आवडलं नाही.

"तुम्हाला काय करायचंय?" मी फटकन म्हटलं.

तो गडबडला नाही. "मॅडम, तुम्ही बघायला नसाल तेव्हा दिवस उगवून काय फायदा?"

आमच्या वर्तकनगरच्या घरात, हॉलमध्ये, दोन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात दोन क्लाउन मासे, एक कोळंबी आणि दगडांवर वाढणारी मऊ कोरल. कडक प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे मी त्यांच्या वाटेला जात नाही. पण मऊ कोरलही सुंदर असतात. त्यातल्या झोआ तर अगदी शर्टाच्या बटणाएवढ्या फुलांसारख्या, हिरव्या, केशरी, जांभळ्या. त्यांना जगायला ऊन लागतं आणि घरात ते ऊन दिव्यातूनच द्यावं लागतं. माझा दुकानातून आणलेला दिवा सकाळी आठला लागायचा आणि संध्याकाळी सहाला विझायचा. मी सकाळी साडेआठला घर सोडते, रात्री आठला परत येते. म्हणजे हौसेने समुद्र पाळला आणि रोज अंधारात बघितला.

मयूरचं म्हणणं साधं होतं. कोरलला दहा तास ऊन हवं. ते ठाण्याच्या घड्याळाप्रमाणे हवं असं काही नाही. तो एलईडीचे दिवे स्वतः बनवायचा, निळा, जांभळा आणि पांढरा प्रकाश वेगवेगळा, आणि प्रत्येक घराचा दिवस त्या घराप्रमाणे बसवायचा. डोंबिवलीत एका नर्सबाईंची ड्युटी बदलली की त्यांच्या टाकीतली सकाळ तो रोज पंधरा-पंधरा मिनिटं सरकवत न्यायचा. आमच्या टाकीत सूर्य दुपारी दीडला उगवायला लागला, रात्री आठला माथ्यावर आणि साडेअकराला मावळतीला. कामावरून येऊन पर्स ठेवावी तर समोर भर दुपार! पहिल्या दिवशी मी चहा घ्यायचाही विसरले.

पण हे नंतरचं. आधी तो घरी आला तो एका रविवारी. वय चाळिशीचं, अंगाने भरलेला, गळ्यात बोटभर जाड सोन्याची चेन. ती चेन बघून मी मनातल्या मनात त्याचा दावा फेटाळून टाकला होता. त्याने चेन काढली, खिशात टाकली, बाह्या दुमडल्या आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहिला. खिडकीतलं ऊन टाकीवर कधी येतं, पंखा लावला की पाणी किती थरथरतं, घरात कोण कुठे बसतं, हे सगळं एका वहीत. त्याचं म्हणणं, दिवा टाकीचा नसतो, घराचा असतो. तेव्हा मला हे बोलबच्चन वाटलं होतं.

डोंबिवली पूर्वेला गावठाणात त्याचं घर. आजोबा भिवा गायकर मिठागरावर राबले. घरची थोडी जमीन होती ती पुढे बिल्डरला गेली, बदल्यात फ्लॅट मिळाले, आणि आता वडील-भाऊ भाड्यावर निवांत आहेत. मयूरने मात्र आयटीआय केलं, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकरा वर्षं सर्किटं जोडली. कारखाना दुसरीकडे हलला तेव्हा भाऊ म्हणाले, बस की आता घरी. तो गच्चीवरच्या खोलीत जाऊन बसला, सोल्डरिंग आयर्न घेऊन. मी दिवा घ्यायला तिकडे गेले तेव्हा त्याची आत्या बायजा दारातच मासे साफ करत होती. मला बघून म्हणाली, "आमचा मयूर मावऱ्याला ऊन दाखवतंय. खायाचा मावरा नाय हां, बघायचा!" आणि खो खो हसली. मयूरही हसला. पण जिना चढताना म्हणाला, "ताई, जमीन आजोबांची. बिल्डिंग बिल्डरची. लोक विचारतात, तू काय करतोस, तर सांगायला माझ्याकडे हा दिवा आहे, बस."

त्याच दिवशी त्याने सांगितलं, कल्याणच्या एका मोठ्या दुकानाने बारा टाक्यांचे दिवे त्याच्याकडून ठरवले होते. गणपतीनंतर काम सुरू. प्रत्येक टाकीखाली त्याच्या नावाची पाटी लागणार होती. चाळिशीचा माणूस, पण हे सांगताना कान लाल झालेले मी पाहिले.

माझ्या सासूबाईंचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून जमलं. हौसाबाई संगमेश्वरकडच्या, वय ऐंशी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. "तुझा सूर्य दीडला उगवणार. मग सकाळी मी काय काळोखात मासे बघू?" मयूरने दिव्याच्या बाजूला त्यांच्यासाठी एक मोठं बटण बसवलं. दाबलं की भर दुपार. पुन्हा दाबलं की टाकी आपल्या वेळापत्रकावर. मला विचारलंही नाही.

दोघांचा खरा विषय मात्र चंद्र. दिवस मावळला की टाकीत अगदी मंद निळा उजेड राहायचा, आणि तो तिथीप्रमाणे कमी-जास्त व्हायचा. पौर्णिमेला वाळूचे कण दिसावेत इतका, अमावास्येला शून्य. आयता प्रोग्रॅम मिळतो, मग पंचांगाचा खटाटोप कशाला, असं मी विचारलं.

"आजोबांमुळे," मयूर म्हणाला. "मिठागरावर तिथीवरच सगळं. अमावस-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी चढतच नाही फारसं. तिथी चुकली तर पाणी चुकलं, पाणी चुकलं तर मीठ गेलं. ते आकाशाकडे बघायचेच नाहीत, बोटं मोजायचे."

सासूबाईंना हे फार पटलं. त्या रोज भिंतीवरचं कॅलेंडर बघून टाकीची परीक्षा घ्यायच्या. "आज दशमी. बरोबर आहे हो याचा चंद्र." मी एवढी शिकलेली, पण माझ्या टाकीत आज कोणती तिथी आहे हे मला कधीच माहीत नसायचं.

गणेशचतुर्थीच्या सकाळी पुण्याहून फोन आला. माझी आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. गणपती सासूबाईंवर आणि संदेशवर सोडून मी निघाले. संदेश म्हणजे माझा नवरा. भला माणूस आहे, पण टाकीत उद्या मगर सोडली तरी त्याला कुणीतरी सांगावं लागेल. आईचं ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी मी परतले. बाप्पा गेले होते. मखर अजून तसंच होतं, टाकीच्या शेजारी.

झोआ पांढऱ्या पडल्या होत्या. अर्ध्या तर विरघळून दगडावर नुसता चिकट थर उरला होता. तीन वर्षं वाढवलेलं सगळं. मी उभ्या उभ्या रडले. आईच्या ऑपरेशनला रडले नव्हते, ते सगळं इथे निघालं.

आणि मग मी ते केलं जे मला उत्तम येतं. नोटीस लिहिली. आमचा हौशी लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चारशे माणसं. पांढऱ्या झोआंचा फोटो टाकला आणि खाली मुद्दे, एक ते पाच. दिवा कुणी बनवला, नावानिशी. कधी बसवला. किती विश्वास ठेवला. काय झालं. इतरांनी सावध राहावं. समोरच्या पक्षकाराला आधी त्याची बाजू विचारायची असते, हे मी रोज ज्युनिअरना शिकवते. स्वतः एक फोन केला नाही. तासाभरात शंभरावर लोकांनी रडके चेहरे आणि संतापाचे चेहरे टाकले. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

मयूरने ग्रुपवर एकच ओळ लिहिली, "उद्या येऊन बघतो." त्यावर कुणीतरी लिहिलं, "अब देख के क्या करेगा भाई?"

तो आला. माझ्याकडे न बघता चेन खिशात टाकली, स्टूल ओढलं, लॅपटॉप दिव्याला जोडला. दिवा कधी लागला, कधी विझला, हे सगळं आत नोंदलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. त्याने बराच वेळ आकडे वाचले. मग लॅपटॉप मिटला आणि सासूबाईंजवळ जाऊन खाली बसला.

"आजी, चतुर्थीला रात्री बटण दाबलेलं ना तुम्ही?"

"दाबलं की," सासूबाई म्हणाल्या. लपवण्यासारखं त्यांच्या मते काही नव्हतंच. "तूच सांगितलंस ना, तिथीप्रमाणे चंद्र येतो म्हणून? साडेअकराला बघते तर बाप्पाच्या शेजारी चतुर्थीचा चंद्र! तो कुणी बघतं होय त्या दिवशी? खोटा आळ येतो बघणाऱ्यावर. मी डोळे मिटले आणि चाचपडत बटण दाबलं. लख्ख ऊन झालं. चंद्र गेला."

"आणि परत नाही दाबलं?"

"घरात देव असताना त्याच्या बाजूला काळोख कसा करायचा? समई ठेवतो ना आपण तेवत? विसर्जन झालं आणि मग दाबलं. चुकलं का रे काही?"

सहा दिवस, सहा रात्री. भर दुपारचं ऊन, एक क्षण सावली नाही. माणूससुद्धा वेडा झाला असता.

मी तोंड उघडणार होते. मयूरने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि सासूबाईंना म्हणाला, "नाही आजी. तुम्ही बरोबर केलं. बटण चुकलं माझं. अर्ध्या तासाने आपोआप बंद व्हायला पाहिजे होतं."

खोटा आळ चंद्र बघणाऱ्यावर येतो म्हणतात. सासूबाईंनी तर डोळे मिटले होते. आळ आला तो चंद्र बनवणाऱ्यावर, आणि घातला मी. हे मला तिथेच, मखराच्या थर्माकोलकडे बघत उभी असताना कळलं. पण "माझं चुकलं" हे दोन शब्द मला म्हणता येईनात. कोर्टात मी कितीतरी वेळा ते समोरच्याकडून वदवून घेतलेत.

जिन्यापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, "कल्याणचं काम सुरू झालं का?"

"थांबलं ते. त्या शेठनी फोटो बघितला ना." तो चपला घालत होता. "ताई, ग्रुपवर काही लिहिलंत तर आजींचं नाव नका टाकू. लोक हसतील त्यांना. आणि त्या परत कधी हात लावणार नाहीत बटणाला."

दुसऱ्या दिवशी तारीख पुढे मागून मी कल्याणला गेले. दुकान मोठं, दुकानदार सभ्य. रांगेत बारा टाक्या होत्या, वर अजून दिवे नव्हते. मी सांगितलं, दिव्याची चूक नव्हती, आमच्या घरात चुकून तो सहा दिवस चालू राहिला. त्याने ऐकून घेतलं. "मॅडम, तुम्ही म्हणता ते खरंच असेल. पण गिऱ्हाईकाने पण तोच फोटो बघितलाय. पाटीवर ते नाव लावू तर विचारतील. तुम्ही ग्रुपवर लिहा, मग बघू."

त्या संध्याकाळी मी लिहायला बसले. आयुष्यात इतका कठीण मसुदा केला नाही. सासूबाईंना वगळायचं, आणि तरी खरं सांगायचं. चार वेळा खोडलं. पहिल्या खेपेला तर मी नकळत मुद्द्यांना आकडे घातले होते. शेवटी साधं लिहिलं. दिवा निर्दोष होता. चूक माझ्या घरात झाली. मी न विचारता मयूर गायकरांचं नाव खराब केलं, त्याबद्दल सर्वांसमोर त्यांची माफी मागते. सोबत फोटो नव्हता. माफीचा कसला फोटो काढणार?

फोनकडे बघत बसले. खाली कुणीतरी खारं पाणी कुठे स्वस्त मिळेल ते विचारलं, दुसऱ्या कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या, आणि माझा मसुदा वर सरकत दिसेनासा झाला. माझ्या तक्रारीला तासाभरात शंभर माणसं धावून आली होती. माफीला दोन दिवसांत तीन अंगठे आले. एक ग्रुप चालवणाऱ्याचा, एक मीच ग्रुपमध्ये ओढलेल्या माझ्या ज्युनिअरचा. कल्याणच्या दुकानदाराचा नव्हता.

तिसरा मयूरचा होता. खाली त्याने लिहिलं होतं, "ताई, उरलेल्या झोआ उघडल्या का?"