पक्या होणे

गेल्या थंडीत, एका शुक्रवारी सकाळी, प्रकाश सौदीतल्या रास अल खैरचा कॅम्प सोडून हुफूफला गेला. मॅनपॉवर कंपनीची मिनीबस गेटपाशी उभी होती. त्याच्याकडे एक बॅग, एक ब्लँकेट आणि सेफ्टी शूजची पिशवी होती. निरोपाला आम्ही दोघे होतो, मी आणि सलीम. कॅम्पमधले कोल्हापूरचे बाकी सगळे मेसमध्ये नाश्ता करत होते, आणि मेसच्या खिडकीतून गेट दिसतं. बसमध्ये चढताना प्रकाशने एकच विचारलं, "हुफूफला आपल्या गावचं कोण हाय का?" मी आदल्या दिवशी चौकशी करून ठेवली होती. कोणी नाही, असं सांगितलं. "मग बरं," तो म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

हे त्याच्या परवानगीने लिहितो आहे. तिकडे कोल्हापुरात राहिलेल्यांसाठी, आणि आमच्यासारखे इकडे आले त्यांच्यासाठीही. त्याच्या दोन अटी होत्या. आडनाव घालायचं नाही, आणि गोलच्या मागून काय ओरडलं गेलं ते घालायचं.

मी स्वतः कोल्हापूर सोडलं तेव्हा एका स्थानिक दैनिकाचं खेळाचं पान बघत होतो. पान आधी अर्धं झालं, मग बंद झालं. एका नातेवाइकाने व्हिसाचं जमवलं. स्टँडवर पोचवायला आलेले मित्र सौदीबद्दल काहीच बोलले नाहीत. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाने त्या आठवड्यात कोणाला बाहेर बसवायला हवं होतं, यावर त्यांचा वाद चालू होता आणि बस हलली तेव्हाही तो मिटला नव्हता. इथे मी प्लँटवर डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन जुनी आणि कोणती चालू, हे सांगणं माझं काम. पहिली काही वर्षं घरी फोन लावला की मी आधी मॅचचं विचारायचो. आई म्हणायची, "तुला पयला निकाल लागतो, मग माझं गुडघं."

कॅम्पमध्ये आमची बैठक शुक्रवारी भरते. सलीम जुम्म्याची नमाज पढून आला की दोन पोर्टाकॅबिनच्या मधल्या सावलीत केबलच्या रिकाम्या ड्रमभोवती आम्ही बसतो. सलीम इलेक्ट्रिशियन, सर्जेराव पाइप फॅब्रिकेटर, बाकी वेल्डर आणि रिगर. सगळे एकाच कॉलेजचे. काही शिकलेले, काही नुसते मैदानावर येणारे. सांगणारा मुख्यतः सर्जेराव. तो सांगायला लागला की मिठाची डबी सेंटर हाफ होते आणि लोणच्याची बाटली समोरचा स्टॉपर. वळवाच्या पावसात झालेली सेमी फायनल, जिच्यात बॉल पाण्यात रुतला आणि आमच्या विंगरने तो चिखलासकट मारला. कॅप्टनच्या बुटाचा तळ निघाला आणि त्याच्या मापाचा बूट कोणाकडे नव्हता म्हणून तो अर्धी मॅच एका पायात नुसता मोजा घालून खेळला. फाटक्या जाळीतून बॉल पार गेला आणि रेफ्रीने गोल दिला नाही, ती मॅच. या मॅच आम्हाला पाठ आहेत. तरी सर्जेराव एखादा पास चुकीच्या माणसाकडे देतो, मग कोणी तरी सांगतं, "लेका, तो त्या दिवशी पावण्याच्या लग्नात हुता," आणि पास परत घेतला जातो.

तिकडे आम्ही हलगी घेऊन मैदानावर जायचो. इथे ड्रमवर बोटांनी वाजवतो, तेही शेजारच्या कॅबिनमध्ये नाइट शिफ्टचे लोक झोपलेले नसतील तर. सुट्टीवर गेलो की मैदानाच्या एका कडेला झालेलं पार्किंग बघून येतो. सध्याच्या संघातला एकही खेळाडू आम्हाला नावाने माहीत नाही. आम्ही कोल्हापूर म्हणतो तेव्हा त्या पाच-सहा मॅच म्हणतो. त्यापलीकडचं कोल्हापूर आता आम्हाला विचारून चालत नाही.

त्या मॅचमधली एक फायनल होती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, पेनल्टी शॉटचा टायब्रेकर, शेवटचा शॉट समोरच्या कॉलेजचा. आमचा गोलकीपर प्रकाश तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. शॉट त्याच्या डावीकडून आत गेला. तो जागेवरून हलला नाही. पुढचे कित्येक दिवस शहरात त्याला बघितलं की कोणी तरी म्हणायचं, "पक्या, हाल की जरा." भाजी आणायला गेला तरी, बहिणीच्या साखरपुड्याच्या मांडवातही. वर्ष संपायच्या आत त्याने कॉलेज सोडलं. पैसे खाल्ले असंही बोललं गेलं. त्याला पुरावा तेव्हा कोणी दिला नाही आणि नंतरही नाही. तो कुठे गेला याची आम्ही चौकशी केली नाही.

इथे ती फायनल बैठकीत सगळ्यात जास्त वेळा सांगितली गेली. सर्जेराव शेवटी उठून उभा राहायचा, हात खाली सोडायचा आणि म्हणायचा, "आणि ह्यो, खांबागत हुबा." मग ती गोष्ट बैठकीबाहेर पडली. कामावर एखादा हेल्पर हातात पाना धरून नुसता उभा दिसला की सर्जेराव म्हणायचा, "ए, पक्या झालास काय?" बिहारचे वेल्डर ते हिंदीत म्हणू लागले, "पक्या मत बनो, भाई." त्यांच्याकडून नेपाळ्यांनी घेतलं, नेपाळ्यांकडून फिलिपिनो सेफ्टी ऑफिसरने. गेटवरचा सौदी गार्ड, गाडी पुढे घ्यायला उशीर झाला की ड्रायव्हरला म्हणायचा, "लेश पक्या? यल्ला." म्हणजे, पक्या का झालास, चल. पक्या म्हणजे जागेवर गोठलेला माणूस. हे कोणाचं तरी नाव आहे, हे कोल्हापूरच्या आम्हा काही जणांपलीकडे कोणालाही माहीत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यानंतर, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यानंतर, प्रकाश स्कॅफोल्डर, म्हणजे उंचीवर परांच्या बांधणारा, म्हणून या साइटवर आला. आधी चाकण, मग जामनगर, मग कतार असं करत. आम्हाला तो येणार हे माहीत नव्हतं आणि आम्ही इथे आहोत हे त्याला. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधी सूचना देतात तेव्हा, सेफ्टी ऑफिसर नव्या लोकांना इंग्रजीत म्हणाला, उंचीवर चढल्यावर इथे पक्या चालणार नाही. प्रकाशने हात वर केला. त्याला वाटलं हजेरी घेतायत. माणसं हसली. का हसली हे त्याला कळलं नाही. त्यानेही थोडं हसून हात खाली घेतला.

हे मला सलीमने सांगितलं. तो त्या रांगेत होता आणि दाढी वाढलेली, डोक्यावरचे केस गेलेले असूनही त्याने प्रकाशला हात वर करताना ओळखलं. गोलकीपरचा हात आहे, असं तो म्हणाला. आठवडाभरात प्रकाशला सगळं कळलं, आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या गँगलाही.

शुक्रवारी तो स्वतः बैठकीत आला. सर्जेरावने सरकून जागा दिली.

"ये की भावा, बस. चहा घे. राग धरू नको हां, तुझं नाव आमी पार सौदीभर केलंय."

"ऐकलं मी," प्रकाश म्हणाला. "ती म्याच सांगा की. मी बी ऐकतो."

"आता तुझ्यासमोर काय सांगू?"

"माज्या मागं सांगता तशी सांगा."

सर्जेराव अडखळत सुरू झाला. मग सवयीने त्याला चाल सापडली. डब्या हलल्या, बाटली हलली, टायब्रेकर आला. शेवटच्या शॉटला तो उभा राहिला नाही, बसूनच म्हणाला, "आणि मग तू तितंच हुबा हुतास."

"त्येच्या आदी काय झालं?"

"कशाच्या आदी?"

"शॉटच्या. गोलमागं तुमी काय वरडत हुता?"

"पब्लिक हाय, वरडणारच की."

"काय वरडत हुता ते इचारलं मी."

प्रकाशनेच सांगितलं. "'थांब पक्या, मदी मारतोय.' सगळं मागनं. एकदा न्हाई, धा येळा. तो गडी कायम मदी मारायचा म्हणं, तुमी त्येच्या सगळ्या म्याच बगितल्या हुत्या. मी डावीकडं पडणार हुतो. पाय उचलल्याला. तुमी म्हणला म्हणून ठेवला खाली."

ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल बघितला नाही त्यांना हे खोटं वाटेल. तिथे गोलच्या मागे उभं राहणारा माणूस स्वतःला अर्धा प्रशिक्षक समजतो. तो कीपरला बाजू सांगतो, भिंत किती जणांची लावायची ते सांगतो, आणि कीपर घरचा असेल तर ऐकतो.

"मी त्या बाजूला नव्हतोच," सर्जेराव म्हणाला. "मी वर पॅव्हेलियनला हुतो."

त्याआधी बैठकीत सांगताना सर्जेरावने ती मॅच दर वेळी गोलमागे जाळीला नाक लावून बघितली होती. पॅव्हेलियनमध्ये तो त्या शुक्रवारी पहिल्यांदा गेला. माझ्यापुरतं सांगायचं तर मी पत्रकारांच्या टेबलाशी होतो, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. ओरडा ऐकला होता. शब्द ऐकू आले नव्हते. प्रकाशने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी तेवढंच सांगितलं.

मग सलीम बोलला. "वरडलो हुतो. हेच. मी बी वरडलो. आणि सर्जा, तू माज्या शेजारी हुतास. तुजी हलगी माज्या खांद्याला लागत हुती."

सर्जेराव उठला. "चहा गार झाला," म्हणाला आणि मिठाची डबी घेऊन मेसकडे गेला.

प्रकाशला माफी नको होती. त्याला तो शब्द बंद करून हवा होता. कारण त्याने साधं सांगितलं. कंपनी त्याला चार्जहँड करायच्या विचारात होती. त्याच्या हाताखाली पोरं येणार होती. "वर चढल्यावर मी थांब म्हणलं की पोरांनी थांबायला पायजे. पायप सुटायला आल्याला असतोय. तितं हसून चालत न्हाई."

आम्ही प्रयत्न केला, निदान मी आणि सलीमने केला. सलीमने बिहारच्या वेल्डरांना बसवून सांगितलं की हे एका माणसाचं नाव आहे, आणि तो माणूस इथेच कामाला आहे. त्यांना ते कळलं. ते प्रकाशला बघायला आले. मी सेफ्टी ऑफिसरला सांगितलं. त्याने मनापासून सॉरी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी टूलबॉक्स टॉकमध्ये जाहीर केलं की यापुढे पक्या म्हणू नये, कारण मिस्टर प्रकाश यांना वाईट वाटतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही त्या सकाळी ठाऊक झालं. वर्तमानपत्रात असताना मी पुष्कळ दुरुस्त्या छापल्या आहेत. दुरुस्ती वाचून मूळ बातमी शोधायला निघालेले लोक मी तेव्हाही बघितले होते.

नंतर प्लॅटफॉर्मवरून प्रकाशने खाली "होल्ड" असं ओरडलं की खालून कोणी तरी त्याच सुरात ते परत म्हणायचं आणि हात खाली सोडून उभं राहायचं. खांबासारखं. सर्जेरावची ती नक्कल ज्यांनी कधी बघितली नव्हती, त्यांच्याकडेही ती पोचली होती. चार्जहँडची जागा दुसऱ्याला मिळाली. कारण कोणी सांगितलं नाही, त्यामुळे मीही लिहीत नाही.

शेवटच्या आठवड्यात प्रकाश माझ्या ऑफिस कॅबिनमध्ये येऊन बसायचा. त्याने गाव सोडल्याची हकीकत तेव्हा कळली. निघायच्या दिवशी त्याची आई म्हणाली होती, "चौकातनं जाऊ नको, पोरं बसल्यात. मागच्या बोळानं जा." तो मागच्या बोळाने गेला. त्यानंतर सुट्टीवर दरवेळी तो त्याच बोळाने घरात जातो आणि त्याच बोळाने परत निघतो. चौकात आता कोणी बसतं की नाही, हे त्याला माहीत नाही. मला त्याची दोन उत्तरं देता आली असती. चौकातले निम्मे आता रास अल खैरला आहेत, हे एक. दुसरं, उरलेले आता तिथे बसत नसतील, हे मी अजून तपासलेलं नाही.

हुफूफला त्याच कंपनीची दुसरी साइट आहे. त्याने बदली मागितली आणि ती मिळाली.

बैठक अजून भरते. सर्जेराव येतो, वळवाच्या पावसातली सेमी फायनल सांगतो. फायनल कोणी सांगत नाही. सलीमने शुक्रवारी बैठकीच्या वेळी झोपायला सुरुवात केली आहे. शब्द चालू आहे. मागच्या आठवड्यात नव्याने आलेल्या एका बांगलादेशी हेल्परच्या तोंडून मी तो ऐकला. प्रकाशला हे लिहिणार असं फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लिही. निम्मी मानसं तिकडं गावातच हायत, ती वाचूदेत." मग दोन्ही अटी सांगितल्या.

हुफूफच्या साइटवर मलयाळी पोरांची सेव्हन्सची, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलची, टीम आहे. ती पोरं शुक्रवारी संध्याकाळी भाड्याच्या टर्फवर खेळतात. आमच्या ऑफिसातल्या नौशादचा चुलतभाऊ त्या टीममध्ये आहे, त्याच्याकडून खात्री करून घेतली. गेल्या महिन्यापासून त्यांच्या गोलमध्ये एक मराठी स्कॅफोल्डर उभा राहतो. त्याने सांगितल्यावरून ते त्याला रामचंद्रन म्हणतात. रामचंद्र हे प्रकाशच्या वडिलांचं नाव आहे.