शंखाचे वेढे

ईट गावातल्या चहाच्या टपरीवर रोज दिसणाऱ्या एका माणसाला मी ज्ञानी समजलो, ही माझी चूक. तो वर्षानुवर्षं एकटाच गोगलगायींचा अभ्यास करायचा. खरा अभ्यास एकट्यानंच होतो, असा त्याचा दाखला देऊन मी लेकीचा मैत्रिणींसोबतचा अभ्यास बंद केला. ती घरात बोलेनाशी झाली.

यंदा गोगलगायींनी सोयाबीन फस्त केलं. कुणीतरी त्याला विचारलं, "गुरुजी, उपाय सांगा की."

त्यानं बशीतला चहा फुंकला. "त्यो माझा विषय न्हाय. म्या फक्त शंखाचे वेढे बघतो."

"तेवढंच का?"

"विषय असा घ्यावा, की चुकलं तरी चूक धरणारा कुणी नसावा."

कोंबडी अंड्यावर बसते तसा हा ज्ञानावर बसलेला. पण कोंबडीच्या बसण्यातून काहीतरी निपजतं.

घरी येऊन लेकीला म्हणालो, "बाई, चुकलो मी. बोलाव मैत्रिणींना."