सासू हाताखाली

शेडातल्या गोष्टींचं असं आहे, एक सांगायला घ्यावी तर तिच्या पदराला धरून चार येतात. परवा नात म्हणाली, "आज्जी, सायबाकडं प्रमोशन मागायचंय, कसं मागू?" म्हटलं, बस इथं.

*

तासगावात बेदाण्याच्या शेडात आम्ही बायका बेदाणा निवडायचो. जुनी मुकादमीण लेकाकडं राहायला गेली. मी मालकांना, आण्णांना, म्हटलं, "आण्णा, मला करा मुकादम."

आण्णा हसले. "अगं, तुझी सासू हाय टोळीत. तिला काम सांगशील?"

"सांगीन की."

"हंगामभर बघतो. जमलं तर पक्की, न्हाईतर परत निवडायला बस."

*

घरी आत्तींना, म्हणजे सासूला, सांगायचा धीर होईना. शेवटी भाकरी थापता थापता सांगितलं.

आत्तींनी चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाल्या, "शेडात तुझं ऐकीन. पर तितं बी च्याचा पैला कप मला."

*

पहिल्याच दिवशी आत्तींच्या ढिगात काड्या राहिल्या. त्यांना कसं बोलायचं? मी शेजारच्या शकूवर ओरडले, "शकू, काड्या काढ की नीट!"

शकूचा ढीग लख्ख होता. ती म्हणाली, "मुकादम, सासूच्या वाटणीची बोलणी खायला मला येगळा पगार द्या."

*

एकदा आत्ती सगळ्यांदेखत माझ्यापुढं उभ्या. "मुकादमबाई, उद्या सुट्टी पायजे."

"का वं?"

"पावणं येणार हाईत. सून कामाला जाती, घरात कोण न्हाई."

शेड हसून लोळलं. सुट्टी दिली मी.

*

हंगाम सरत आला. आण्णा अचानक दारात. शकूची बडबड चालली होती; आत्ती मान खाली घालून निवडत होत्या. दोघी एकमेकींना खेटून बसलेल्या.

"मुकादम, तुझी सासू किती बोलतीया," आण्णा म्हणाले. "गप कर की तिला."

मी आत्तींकडं बघितलं, शकूकडं बघितलं आणि तिथंच उभी राहिले. बायकांचे हात थांबले. शकूनं मान खाली घातली.

"बघ," आण्णा म्हणाले, "म्हनलं नव्हतं मी?"

आत्ती उठल्या. गुडघ्यावर हात टेकत माझ्यापुढं आल्या, पदर सावरला.

"चुकलं, मुकादमबाई. परत न्हाई बोलणार."

आण्णांनी तिथंच मला पक्कं केलं.

आत्तींना जाऊन आता लय वर्सं झाली. त्यांच्या तोंडून "चुकलं" मी तेवढ्या एकाच खेपेला ऐकलं.