मैनाला पाणी पाजायला कोण न्यायचं?

या सदरातले बाकीच्यांचे अनुभव मी वाचते, आणि खरं सांगू... निम्म्यांना हसते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयुष्य काढलंय. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, असा हिशेब. भूत, बाधा, करणी यातलं काही मी कधीच मानलं नाही, आजही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण हे मी एकटीने नाही, आमच्या अख्ख्या घराने पाहिलंय, आणि तेही भर दुपारी, लख्ख उन्हात.

गोष्ट ८४-८५ सालची. मी माहेरची घाटकोपरची, चाळीतली. लग्न होऊन दहिसरला आले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "शुभा, मुंबईत राहून खेडेगावात दिलं की गं तुला!" खोटं नव्हतं ते. नदीच्या काठाला सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, वाडी होती. मोगऱ्याचे वाफे, माठ-पालकाचे वाफे, चिकूची झाडं, मधोमध विहीर आणि तिला लागून दगडी हौद. मागच्या बाजूला पत्र्याचा तबेला. त्यात दोन घोडे. राजा तरणा, पांढरा, लग्नाच्या वरातींना जायचा. आणि मैना, तांबूस रंगाची म्हातारी घोडी. अण्णांचा टांगा होता स्टेशनवर, तो तिने वर्षानुवर्षं ओढला. रिक्षा आल्या, टांगा बंद झाला, मैना घरी बसली.

घरात अण्णा, सासूबाई — त्यांना सगळे आईच म्हणायचे — माझे मिस्टर सुधीर आणि मी. धाकटे दीर विलासभावजी माझ्या लग्नानंतर सहा-आठ महिन्यांतच मस्कतला गेले, ड्रायव्हर म्हणून. आई-अण्णा मालवणकडचे, बोलायचे मालवणीत. मुलं मात्र पक्की मुंबईची.

मैना विलासभावजींची. म्हणजे जीव एकमेकांवर. रोज दुपारी चहाच्या आधी ते तिला तबेल्यातून काढायचे, मोगऱ्याच्या वाफ्यांमधल्या पायवाटेने हौदावर पाणी पाजायला न्यायचे आणि येताना चिकूखाली थांबून तिची मान खाजवायचे. जाताना मला म्हणाले होते, "वहिनी, आईकडे बघा... आणि मैनाकडे पण."

ते गेल्यावर वर्षभरात मैनाचे डोळे गेले. आधी एकात फूल पडलं, मग दुसऱ्यात. गुरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, इलाज नाही. आंधळी घोडी सांभाळणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. तबेल्याच्या खांबाला धडकायची. एकदा दावं सोडवून बाहेर आली आणि मोगऱ्याचे दोन वाफे तुडवून पार विहिरीपर्यंत गेली. आमच्या विहिरीला कठडा नव्हता. अण्णा नेमके तिथेच होते म्हणून वाचली. अण्णांनी धरलं तर थरथरायची, पाय उचलायचीच नाही. सुधीरला तर जवळ येऊ देत नव्हती. शेवटी पाणी बादलीने तबेल्यात द्यायचं ठरलं.

अण्णा एक दिवस जेवताना म्हणाले, "विरारात एक ओळखीचो आसा. तेका देवया. हंयसर एक दिवस विहिरीत जातली."

आईंनी ताट बाजूला सारलं. "विलास येयसर नाय. तेणां इचारल्यान तर काय सांगू?"

विषय तिथेच थांबला, पण अण्णांनी मनाशी ठरवलं होतं हे आम्हाला दिसत होतं.

माझी लॅबची ड्यूटी सकाळची. दुपारी तीनपर्यंत मी घरी. त्या दिवशी मी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. टापांचा आवाज आला... सावकाश, एका लयीत. वळून बघते तर मैना पायवाटेने येतेय. सुटली ही! हातातले कपडे टाकून धावले, आणि वाफ्याच्या कडेला थबकले.

मैनाच्या तोंडाला मोरखी होती. मोरखीचा दोर खाली लोंबायला हवा ना? तो लोंबत नव्हता. तिच्या हनुवटीपासून पुढे आला होता, आडवा, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर. तिथे मुठीत धरल्यावर होतो तसा जरासा गोळा झालेला, आणि उरलेलं टोक खाली हलत होतं. मूठ नव्हती. माणूस नव्हता. वाट वळली तिथे दोर आधी वळला, मग मैना वळली. एका फुलाला धक्का नाही! हौदापाशी आल्यावर दोर अलगद खाली पडला. मैना मान घालून पोटभर पाणी प्यायली. मग दोर पुन्हा उचलला गेला आणि ती परत निघाली. चिकूखाली थांबली. मान लांब करून, ओठ सैल सोडून उभी राहिली, घोडी मान खाजवून घेताना राहते तशी.

मी वेड्यासारखं विचारलं, "कोण आहे?"

मैनाने कान माझ्याकडे वळवले, बस. मला घाबरल्यासारखं झालं का? नाही. तिथे घाबरण्यासारखं काही नव्हतंच. उन्हात मोगरा दरवळत होता, पलीकडे कुणीतरी रेडिओ लावला होता आणि आंधळी घोडी आरामात आपल्या तबेल्यात जाऊन उभी राहिली.

रात्री सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, "लॅबमध्ये स्पिरिट हुंगतेस काय गं?" मी म्हटलं, रविवारी घरी असशील ना, तूच बघ. रविवारी दुपारी तो खुर्ची टाकून बसला, पेपर घेऊन. टापा वाजल्या तसा पेपर खाली आला, तो वर गेलाच नाही.

सुधीर माझ्यापेक्षा धीट. उठला आणि सरळ जाऊन दोर जिथे गोळा झाला होता तिथे हात घातला. मैना थांबली. सुधीर नंतर म्हणाला, "हाताला काहीच लागलं नाही गं. पण दोर ओढला तर येईना, भिंतीतल्या खिळ्याला बांधावा तसा." त्याने हात काढला, क्षणभर काही नाही... मग दोर पुढे झाला, मैना चालू लागली. सुधीर बाजूला सरकला, कुणाला वाट द्यावी तसा. अण्णा वाफ्यात खुरपं घेऊन बसले होते. त्यांनीही पाहिलं. त्यानंतर विरारचं नाव त्यांनी काढलं नाही.

आईंना सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण घर ते केवढं? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच मागच्या दारात आल्या. मैना चिकूखाली उभी होती. आईंनी बघितलं, हाताने चौकट धरली आणि हळूहळू खाली बसल्या.

"माजो विलास गेलो गो शुभा."

"आई, काहीतरीच काय!"

"असो चिकूखाली कोण थांबता? तोच थांबता. मेल्याशिवाय माणूस असो येता?"

आणि इथून तो शांत प्रकार घरावर दगडासारखा बसला. कारण विलासभावजींचं पत्र बरेच दिवस आलं नव्हतं. उशीर होतोच, असं आम्ही म्हणत होतो, आता कुणी म्हणेना. आईंनी जेवण सोडलं. चहावर राहायच्या. दुपारी दारात बसून मैनाची फेरी बघायच्या आणि हलक्या आवाजात बोलायच्या, "दमलंस रे? बस वाईच." ते ऐकवत नसे. अण्णा वाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खणत बसायचे, जिथे काही लावायचंच नव्हतं.

सुधीरने तार केली. उत्तर नाही. मग ट्रंक कॉल बुक करायचा. आमच्याकडे फोन कुठला? नाक्यावरच्या दवाखान्यातला नंबर सगळ्यांचा. कंपनीतल्या कुणाशी तरी बोलणं झालं तर तो एवढंच म्हणाला की ती माणसं लांब कॅम्पवर आहेत, निरोप देतो. सुधीर घरी येऊन म्हणाला, "निरोप देतो म्हणाला म्हणजे आहे ना तो, आई?" आई उठून मागच्या दारात जाऊन बसल्या.

मग एका संध्याकाळी दवाखान्यातला कंपाउंडर धावत आला, "मस्कतचा फोन! लाइन चालू ठेवलीय, पळा!" आई अनवाणी धावल्या. मी मागे. त्यांनी रिसीव्हर उलटाच धरला, मी सरळ केला.

"आई? अगं विलास बोलतोय! काय झालं? तार काय, फोन काय... अण्णा बरे आहेत ना?"

आवाज एवढा मोठा येत होता की शेजारी मलाही ऐकू येत होतं. आईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग एकदम म्हणाल्या, "बरो आसस मा रे? जेवतंस मा?"

"मला काय धाड भरलीय! वाळवंटात पाठवलं होतं आम्हाला, तिथे कुठलं पोस्ट? मैना कशी आहे गं?"

आई रडता रडता हसायला लागल्या. "तूच फिरवतंस मा तिका? माका दिसता सगळा!"

"काय? आई, लाइन खराब आहे..."

आणि कट झाला. पूर्ण रस्ताभर आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून चालत होत्या. घरी येऊन त्यांनी भात-आमटी पोटभर खाल्ली.

त्यांच्या डोक्यात आता वेगळंच बसलं. मुलगा जिवंत आहे, पण दुपारी तिकडे झोपतो तेव्हा त्याचा जीव इकडे येतो, मैनासाठी. मी समजावायला गेले नाही. माझ्याकडे दुसरं काय होतं समजावायला? दुसऱ्या दिवसापासून त्या हौदाच्या काठावर कपभर चहा ठेवू लागल्या, विलासला आवडायचा तसा, आलं घालून. चहा तसाच राहायचा. मुंग्या लागायच्या आधी अण्णा गुपचूप पिऊन टाकायचे. ते दिवस फार चांगले गेले हो आमचे. कुणी पाहुणा आला की मात्र दुपारी त्याला पुढच्या खोलीतच बसवून ठेवायची धावपळ.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी विलासभावजी सुट्टीवर आले. काळे पडले होते, मिशी ठेवली होती. बॅगा ओट्यावर टाकल्या आणि आधी तबेल्यात. मैनाने वासावरून ओळखलं. अशी खिंकाळली की राजाही बिचकला. भावजींच्या छातीत तोंड खुपसून उभी राहिली. ते तिच्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांवरून हात फिरवत रडत होते. त्यांना डोळ्यांचं कुणी कळवलंच नव्हतं. दुपारच्या प्रकाराचंही नाही.

चहाची वेळ झाली. आई लगबगीने दारात येऊन बसल्या. आज खरा मुलगा मैनाला घेऊन येणार! भावजींनी मोरखीचा दोर धरला. "चल गं म्हातारे."

मैना हलली नाही.

त्यांनी चुचकारलं, गूळ दाखवला. तिने गूळ खाल्ला, त्यांचा हात चाटला, पण पाय उचलला नाही. हट्ट नव्हता तो. तिचे दोन्ही कान वाटेकडे लागले होते, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

"मला विसरली वाटतं," भावजी म्हणाले आणि त्यांनी दोर सोडला.

दोर खाली पडला नाही. अर्ध्यावर थांबला, वर आला आणि पुढे झाला. मैनाने मान हलवली आणि निघाली. मोगऱ्यातून, वळणावरून, हौदाकडे. आम्ही पाचही जणं जागच्या जागी खिळलो. भावजींचा हात तसाच पुढे होता. ते वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी... हा कोण?"

मी आईंकडे बघितलं. इतके महिने त्या ज्याच्याशी मुलगा म्हणून बोलल्या, ज्याला "अरे विलास" म्हणून चहा दिला, तो मुलगा तर इथे समोर उभा होता. मला वाटलं आता या घाबरणार, ओरडणार, उद्या मांत्रिक आणा म्हणणार. त्या उठल्या आणि आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात कप होता.

"आई, आता कोणाला?" सुधीर म्हणाला.

"कोण असात तो असांदे. मैनाक पडाक देणा नाय मा? मगे चाय नको तेका?"

आणि जाऊन ठेवला हौदावर. फक्त त्या दिवसापासून त्या अरे-तुरे करेनाशा झाल्या. "घेवा चाय," असं अदबीने म्हणायच्या, पाहुण्याला म्हणावं तसं.

भावजी सुट्टी संपवून गेले. मैना त्यानंतर दोन पावसाळे जगली, एकदाही कशाला धडकली नाही. एका थंडीतल्या सकाळी अण्णा तिची दाणा-चंदी घेऊन गेले तर ती आडवी झालेली, शांत. वाडीच्या कोपऱ्यात तिला पुरलं. दुपारी नेहमीच्या वेळेला आम्ही सगळे काही न ठरवता मागच्या दारात जमलो. पायवाट रिकामी. मोरखी तबेल्यात खुंटीला होती, तिचा दोर सरळ खाली लोंबत होता. हलला नाही.

आईंनी पदर सावरला आणि वाटेकडे बघून म्हणाल्या, "लय केलास तुमी तिच्यासाठी. येवा हां कधीतरी."

वाडी आता नाही, तिथे बिल्डिंग आहे. आई-अण्णा नाहीत. विलासभावजी भेटले की आम्ही या विषयावर बोलतो आणि दरवेळी तिथेच येऊन अडतो. वारा म्हणावं तर वाऱ्याने दोर वळणावर वळत नाही. भास म्हणावं तर पाच जणांना एकच भास, रोज, तीन-साडेतीन वर्षं? सासऱ्यांच्या आधी त्या वाडीत कोण राहायचं हेही विचारून झालं, काही हाती लागलं नाही. मैनाला माहीत असेल कदाचित.