नमुन्याचे दोन भाग

निपाणीच्या वखारीत मी हमाली करत होतो; पुढे तंबाखूचा व्यापारी झालो, तो एका सवयीच्या बळावर. तंबाखूच्या बोदातून, म्हणजे भरलेल्या मोठ्या पोत्यातून, काढलेला नमुना मी कधी एकट्याच्या हाती दिला नाही. त्याचे दोन भाग करायचे, दोन वेगळ्या जाणकारांकडे पाठवायचे आणि दोघांचं मत आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

सन ऐंशीनंतरची गोष्ट. आक्काच्या छातीत गाठ निघाली. आई गेल्यावर तिनेच विड्या वळून मला वाढवलं होतं. बेळगावच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं. रोग हाडात उतरल्याची शंका आहे, नुसतं कापून भागणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवी गोळी निघाली होती, पण ती सगळ्यांना लागू पडत नव्हती. बाईच्या शरीरातलं संप्रेरक धरून ठेवणारी एक खूण काही गाठींत असते. ती असेल तर गोळी चालते. नसेल तर गोळी खाण्यात महिने वाया जातात. तिथे पहिल्यापासून जहाल इंजेक्शनंच हवीत. हे कळतं ते ताज्या तुकड्यावरून, आणि तो बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशी मुंबईला पोचायला हवा.

मुंबईचं उत्तर चुकलं तर, असं मी विचारलं. सहसा चुकत नाही, म्हणाले. तो 'सहसा' माझ्या डोक्यात बसला.

ऑपरेशनच्या दिवशी खडेबाजारातल्या सोडावाल्याकडून बर्फ घेतला आणि दोन थर्मास घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिलो. आम्हा सीमेवरच्या माणसांची ही रीतच. जमिनीचा कागद असो की पोरांची शाळा, एकदा मुंबईकडे बघायचं, एकदा बंगळूरकडे. ही चाचणी बंगळूरलाही होते, हे मी आधीच काढून ठेवलं होतं.

तुकडा सुपारीच्या खांडाएवढा. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "मालक, हा एकालाच जेमतेम पुरेल. दोन करू नका."

मी भडकलो. त्याची नोकरी काढली, शिक्षण काढलं, बाप काढला. शेवटी तो कन्नडमध्ये 'तुमची मर्जी' एवढंच म्हणाला आणि त्याने पातं चालवलं. डॉक्टर आत टाके घालत होते. त्याने आत जाऊन विचारायला हवं होतं. मी ओरडलो म्हणून कापायचं? शिकलेला तो होता, मी नव्हे. हा राग माझा आजही गेलेला नाही.

मुंबईला मी गेलो, बंगळूरला माझ्यासोबत आलेला आक्काचा दीर. तीन आठवड्यांत दोन्हीकडून पत्रं आली. दोन्हींत तेच: तुकडा अपुरा, चाचणी झाली नाही.

उरलेल्या गाठीतून पुन्हा काढा, म्हणत मी डॉक्टरांकडे धावलो. ती केव्हाच फॉर्मलीनमध्ये गेली होती, त्यातून ही खूण सापडत नाही. मग हाडातून काढा, कुठूनही काढा, म्हणालो. ते मान हलवत राहिले. "आता अंदाजानं चालायचं," ते म्हणाले. "गोळी की इंजेक्शन, घरी विचारून सांगा."

आक्का बेळगावातच, शहापुरात तिच्या नणंदेकडे होती. पलीकडे मागांची खटखट चालली होती. ती भिंतीला उशी लावून बसली होती.

"काय आलं रं उत्तर?"

"दोन्हीकडनं एकसारखंच आलंय, आक्का."

"मग बरं झालं की. त्या माणसाला उगंच शिव्या दिल्यास. भावजी सांगत होते."

"व्हय," मी म्हणालो.

इंजेक्शनं तिला सोसणार नाहीत, असं मनाला सांगून मी गोळी सुरू केली. रोज जाऊन विचारायचो, आज दुखणं कमी हाय का? ती रोज म्हणायची, लई न्हाय, पर हाय थोडं कमी. समोरचा खोटं बोलतोय हे मला बोदापलीकडून कळायचं. तिचं मी खरं मानत गेलो.

अडीच महिन्यांनी तिचे पाय गेले. आता इंजेक्शन देण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले. आधीच दिली असती तर ही वेळ टळली असती का, मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हापूरची गाडी धरली, तोच प्रश्न तिथल्या डॉक्टरला विचारायला.